चाफ्याजवळची मानाची जागा

बसा, चहा ठेवलाय वसुधाने. तो येईपर्यंत माझी एक फजिती ऐका. आणि हसायचं असेल तर इथेच हसा बरं का, खाली पार्किंगमध्ये जाऊन नको. तिथलं सगळं वर ऐकू येतं.

तर मी एकदा भर बागेत, सगळ्या वर्गासमोर, आमच्या शिकवणाऱ्या मॅडमची मान सरळ केली. नुसती मान नाही हो! खांदा, कंबर, गुडघे, टाच, सगळं काढलं. साक्षात गुरूचं! आणि वर विचारलं, 'मॅडम, परवानगी आहे ना?'

आता तुम्ही म्हणाल, जोगळेकर, तुम्हाला वेड लागलं होतं का? नाही. माझ्याकडे कारणं होती. दोन होती आणि दोन्ही भक्कम होती.

पहिलं कारण माझी नोकरी. मी सारा जन्म कारखान्यात तपासणी खात्यात काढला. यंत्रांचे सुटे भाग टेबलावर यायचे. मी ते मोजायचो, आणि ज्यात खोट दिसेल त्यावर लाल खडूने फुली मारायचो. ज्याच्यावर फुली नाही तो पास. पास झालेल्या भागाला कोणी 'वा, काय सुरेख आहेस' म्हणत नाही. तो गपचूप पुढे जातो.

दुसरं कारण, मी जन्माने पुण्याचा. आमच्या घरी स्वयंपाक उत्तम झाला की वडील म्हणायचे, 'मीठ बरोबर आहे.' त्याहून उत्तम झाला की काहीच म्हणायचे नाहीत. आई त्या दिवशी खूश असायची. म्हणजे कोणी काही बोललं नाही, की आम्ही ती शाबासकी समजतो. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे ते!

एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. उभं म्हणजे, वाकडं उभं आहे.

झालं काय, मागच्या दिवाळीच्या सुमारास वसुधा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घसरली. घोट्याजवळचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, निघालं, डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरून 'झकास जुळलंय' असं सांगितलं. पण हिची भीती काही जुळेना. घराबाहेर पाऊल टाकायचं तर माझ्या हाताशिवाय नाही.

आता यात रडण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण वसुधाचा रविवार होता हो! कर्वेनगरहून बसने स्वारगेट, तिथून दुसऱ्या बसने मार्केट यार्ड. तिथे तिची बहीण भेटायची. दोघींनी मिळून भाजी घ्यायची, फुलं घ्यायची, घासाघीस करायची, आणि मग कुठेतरी बसून तासभर आमच्याबद्दल, म्हणजे आम्हा दोघा साडूंबद्दल बोलायचं. दोन पिशव्या भरून परत यायची तेव्हा चेहऱ्यावर असं तेज की बघत राहावं. प्लास्टर निघाल्यावर मी म्हणालो, 'चल की, मी येतो बरोबर.' तर म्हणाली, 'तुम्ही आलात तर भाजी येईल. माझा रविवार नाही येणार.'

खरंच होतं ते. काय बोलणार? साडूंबद्दल साडूसमोर कसं बोलतील त्या!

डॉक्टर म्हणाले, तोल सावरायचा काहीतरी व्यायाम करा. आमच्या सोसायटीमागच्या बागेत सकाळी ताय ची चालतं. ताय ची म्हणजे तो चिनी व्यायाम. अतिशय सावकाश हात-पाय हलवायचे. इतकं सावकाश की पहिल्या दिवशी लांबून बघून मला वाटलं, ही मंडळी उभ्या उभ्या कुणाची तरी वाट बघतायत.

शिकवणाऱ्या मेश्राम मॅडम. मूळच्या नागपूरच्या. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होत्या, बदली होऊन पुण्यात आल्या आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. नोकरीत कंबर धरली म्हणून ताय ची धरलं, मग कंबर सुटली पण ताय ची सुटलं नाही. बांधा लहानसा, आवाज त्याहून लहान. पण उभ्या राहिल्या की असं वाटतं, बागेत आधी या उभ्या होत्या आणि झाडं नंतर लावली.

पहिल्या दिवशी मी वसुधाचा हात धरून फाटकातून आत गेलो. मॅडम आमच्याकडे बघत होत्या. खालपासून वरपर्यंत, सावकाश. मला वाटलं, बघतायत बिचाऱ्या, काय जपतो हा माणूस बायकोला! मी हात आणखी घट्ट धरला.

वसुधाला रांगेत पोचवून मी बाकावर बसलो.

'भाऊ, तुम्ही तिथं काहून बसून राहिले? या न तुम्हीपण,' मॅडम म्हणाल्या.

'मी नुसता सोबत आलोय,' मी म्हणालो.

'ते दिसलं मला,' मॅडम म्हणाल्या. 'म्हणूनच या म्हणते.'

गेलो. वसुधाशेजारी उभा राहिलो.

आता मॅडम माणसाला सुधारतात कशा, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कारण आयुष्यभर मी खोट काढत आलो, पण अशी तपासणी मी कुठे पाहिली नाही.

आमच्या मजल्यावरचे साठे. त्यांचे खांदे कायम वर चढलेले, कोणीतरी मागून ओरडल्यासारखे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, 'खांदे खाली.' मॅडमनी खांद्याकडे बघितलंसुद्धा नाही. साठ्यांच्या कोपराखाली दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, 'हा हात जरा मला द्या. उचलू नका, वजन द्या.' साठ्यांनी वजन दिलं. आणि काय सांगू, खांदा आपोआप खाली आला! खांद्याला हात न लावता खांदा खाली! साठ्यांचा चेहरा असा झाला, जणू भाडेकरूने न सांगता जागा सोडली.

मग ऋतुजा. ही संगणकाच्या कंपनीत कामाला, दिवसभर लॅपटॉपमध्ये घुसलेली, त्यामुळे मान सगळ्या शरीराच्या आधी पोचते. मॅडमनी तिच्या डोक्यामागे तळहात धरला. टेकवला नाही, नुसता धरला. 'माझा हात शोध,' म्हणाल्या. ऋतुजा हळूहळू डोकं मागे आणत गेली, आणि एका क्षणी केस हाताला लागले. 'हां. इथं राहतं तुझं डोकं.'

'ओ माय गॉड,' ऋतुजा म्हणाली, 'मला समोरची बिल्डिंग पूर्ण दिसतीये!'

मग मॅडम वसुधाजवळ आल्या. चक्क खाली उकिडव्या बसल्या आणि तिच्या मोडलेल्या पायाशेजारी जमिनीवर हात टेकवला. 'ताई, पाय इथं ठेवा. नुसता ठेवा. वजन देऊ नका. पाय ठेवला म्हणजे वजन दिलं, असं नाही न. आधी पाय विचारतो, जागा बरी आहे का. बरी वाटली तर वजन द्या. नाही वाटली तर पाय वापस घ्या. कोणी रागावत नाही.'

वसुधाने पाय ठेवला. थांबली. परत घेतला. पुन्हा ठेवला. आणि मग, अगदी कणाकणाने, त्या पायावर उभी राहिली. प्लास्टर निघाल्यापासून पहिल्यांदा! माझा हात तिथेच होता शेजारी, पण तिने धरला नाही.

मला कारखान्यात हातात मायक्रोमीटर लागायचा. या बाईंच्या बोटांत तो जन्मापासून होता. आणि त्यांची फुली नसायचीच मुळी. एका दिवशी एका माणसाला एकच गोष्ट, तीही ढकलून नाही. त्या म्हणायच्या, 'ओढून सरळ केलेलं शरीर हात काढला की पुन्हा तिथंच जातं. त्याला जागा दाखवायची. ते आपलं आपण येतं.' मी मनात हात जोडले. अगदी खरे जोडले.

मग मॅडम माझ्यासमोर आल्या.

माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एक प्रदक्षिणा घातली. पुन्हा पायांकडे बघितलं.

'हं,' म्हणाल्या. आणि पुढे गेल्या.

बस्स! हात नाही, बोट नाही, शब्द नाही!

परत येताना मी वसुधाला म्हणालो, 'पाहिलंस?'

'काय?'

'सगळ्यांना हात लावला. मला नाही.'

'हो, पाहिलं. का हो लावला नसेल?'

'का म्हणजे? पास!'

वसुधा काही बोलली नाही. आणि कोणी काही बोललं नाही की मी काय समजतो, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

मग रोज तेच. साठ्यांचा आज कोपर, उद्या मनगट. ऋतुजाची हनुवटी. माझ्यापाशी 'हं'. मला साठ्यांची दया यायला लागली. एवढा शिकलेला माणूस, रोज खोट निघते! एकदा मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालोसुद्धा, 'मनाला लावून घेऊ नका, साठे. सगळ्यांनाच नाही जमत.'

'तुम्हाला बरं जमतं?' साठे म्हणाले.

'आता मी काय सांगू? मॅडमनाच विचारा.'

साठ्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण साठे पुण्याचेच.

आणि मग तो दिवस आला. मॅडम मला म्हणाल्या, 'भाऊ, तुम्ही आजपासून इथं उभे राहत जा.' आणि त्यांनी मला वसुधाच्या शेजारून उचलून पुढच्या रांगेत नेलं, अगदी टोकाला, चाफ्याच्या झाडाजवळ.

पुढची रांग! सगळ्यांना दिसेल अशी! शाळेत कवायतीला चांगल्या मुलाला पुढे उभं करत नाहीत का? मी मागे वळून साठ्यांकडे बघितलं. साठे त्यांच्या मनगटाकडे बघत होते.

आता सांगा, इतक्या पुराव्यानंतर कोणाच्या डोक्यात हवा जाणार नाही? माझ्या गेली. मी शिकवायला लागलो.

सुरुवात घरून. वसुधा ओट्यापाशी उभी असायची, मी मागून जाऊन तिचे खांदे धरून मागे खेचायचो. 'छाती पुढे! पोट आत! गुडघे ताठ!'

'मॅडम गुडघे सैल ठेवा म्हणतात,' ती म्हणायची.

'ते तुम्हा नवीन लोकांसाठी.'

'आणि तुम्ही?'

'मला त्या काही म्हणतच नाहीत!'

ती पुन्हा तव्याकडे वळायची. तिची पोळी करपायची, पण गुडघे मी ताठ करून सोडायचो.

मग बागेबाहेरच्या टपरीवर, वर्गानंतरच्या चहाला, मी ऋतुजाला घेतलं. तिची मान दोन्ही हातांनी धरून बरोब्बर मागे आणली. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात पट्टा घालून आली.

'काका, लॉकच झालं हो काल. मीटिंगमध्ये मी फक्त डावीकडच्या लोकांशी बोलू शकले.'

'सुरुवातीला होतं तसं,' मी म्हणालो. हे मी कुठून आणलं, मला माहीत नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण वसुधाचं काय झालं, ते ऐका. ती मधे चांगली सुधारली होती. बागेची पायरी एकटी चढायला लागली होती. बहिणीला फोन करून म्हणालीसुद्धा, 'या रविवारी येऊन बघते.' मी मनात म्हटलं, आपल्या शिकवणीचं फळ! आणि शनिवारी संध्याकाळी, पक्कं व्हावं म्हणून, मी तिच्याकडून जिन्याखाली तालीम करून घेतली. छाती पुढे, गुडघे ताठ, चढ! ती पहिल्याच पायरीवर डगमगली आणि कठड्याला मिठी मारून उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

वर आल्यावर तिने बहिणीला फोन केला. 'या रविवारी नको गं. पुढे बघू.' फोन ठेवल्यावर बराच वेळ ती रिकाम्या पिशव्यांची घडी घालत बसली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि मी काय ठरवलं? शिकवणी वाढवायची!

सोमवारी मॅडम वसुधासमोर थांबल्या. 'ताई, हे गुडघे कोणी ताठ केले?'

'घरी जरा सराव करते,' वसुधा म्हणाली. नाव घेतलं नाही तिने. पण नजर चाफ्याकडे गेली.

'हं,' मॅडम म्हणाल्या.

त्याच दिवशी वर्ग संपल्यावर त्यांनी सांगितलं, 'पुढच्या आठवड्यात मी नागपूरला चालली. लेकीचं बाळंतपण आहे. वर्ग बंद नका ठेवू बापा. तुमच्यातलंच कोणीतरी पुढे उभं राहील. कोण ते मी उद्या सांगते.'

कोण ते! विचारायचं असतं का? मी पांढरा सदरा-लेंगा काढला, कडक इस्त्री करून आणला. साठ्यांना जिन्यात भेटून आधीच सांगितलं, 'माझ्याकडून काही बोललं गेलं तर राग मानू नका, शिस्त म्हणून असेल.'

आणि उजाडला तो दिवस.

मी चाफ्याजवळ, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. सगळे उभे. मॅडम आल्या त्या थेट माझ्यासमोर. हाताच्या अंतरावर, तोंडाला तोंड करून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता घोषणा.

घोषणा नाही. मॅडमनी हनुवटी पुढे काढली, कासवासारखी. उजवा खांदा वर चढवला. कंबर मागे टाकली, पोट पुढे सोडलं. गुडघे मागे कोंबून ताठ केले. सगळं वजन डाव्या टाचेवर दिलं, आणि त्या बाजूला पडायला आलेल्या विजेच्या खांबासारख्या कलून उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या. माझ्याकडे बघत.

मी चरकलो. बरं वाटत नाही की काय? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परीक्षा! वर्ग सोपवायच्या आधी माझी नजर तपासतायत! बाई काय हुशार आहेत!

'मॅडम,' मी खणखणीत आवाजात म्हणालो, मागच्या रांगेलाही कळावं म्हणून, 'परवानगी आहे ना?'

'बोला न भाऊ.'

'हनुवटी फार पुढे आलीय.'

'बरोबर. अजून?'

'उजवा खांदा वर आहे. कानाला टेकायचा बाकी आहे.'

'बरोबर. अजून काय दिसून राहिलं?'

मागे कोणीतरी खोकलं. मला वाटलं, प्रभाव पडतोय.

'कंबर मागे, पोट बाहेर. हे बघायलाही बरं दिसत नाही मॅडम, स्पष्ट बोलतो, माफ करा. गुडघे ताठ. असे गुडघे ठेवले तर तोल राहीलच कसा? आणि हे कलणं!' मी आता रंगात आलो होतो. 'सगळं वजन एका टाचेवर! जरा वारा आला तर पडाल. कारखान्यात असा भाग माझ्यापुढे आला असता, तर मी फुली मारायला खडू शोधला नसता. सरळ भंगारात!'

आणि मी हात पुढे करून, दोन बोटांनी, मॅडमची हनुवटी मागे ढकलली.

मॅडम हलल्या नाहीत. हनुवटी मागे गेली आणि मी बोटं काढल्यावर पुन्हा पुढे आली.

'सगळं बरोब्बर सांगितलं,' मॅडम अगदी प्रेमाने म्हणाल्या. 'एकही चूक नाही सुटली. भारी नजर आहे तुमची. आता भाऊ, आहे तसेच राहा. हलू नका. फक्त तुमचा हात तुमच्या उजव्या खांद्यावर ठेवा.'

मी हात ठेवायला गेलो. खांदा जिथे असायला हवा तिथे नव्हता. तो वर, कानाजवळ सापडला.

'आता हनुवटी.'

हनुवटी माझ्या आधीच मॅडमपर्यंत पोचलेली होती. पोटाबद्दल मी बोलत नाही. मी खाली बघितलं, तर पोटामुळे पाय दिसेनात. पण डावी टाच जमिनीत रुतलेली मला आता, इतक्या दिवसांनी, पहिल्यांदा जाणवली.

मागे जो हास्याचा फवारा उडाला म्हणता! ऋतुजा गळ्यातला पट्टा धरून हसत होती. साठे तर बाकावरच बसले. आणि वसुधा? वसुधा पदरात तोंड लपवून हसत होती. मोडक्या पायावर उभी राहून, कशाचाही आधार न घेता.

'तुम्ही माझी… माझी नक्कल केलीत?' मी विचारलं.

'ज्याला हात लावून कळत नाही, त्याच्यासमोर त्याच्यासारखं उभं राहायचं. माझ्या गुरूंनी मला असंच दाखवलं होतं,' मॅडम म्हणाल्या. 'मी तर घाबरून त्यांना पाणी आणून दिलं होतं. तुमची हिंमत मोठी. तुम्ही थेट हनुवटी धरली.'

'पण मग आजवर मला हात का नाही लावलात? मला वाटलं…'

'काय वाटलं?'

मी सांगितलं. पास झालो असं वाटलं, म्हणून. आता मात्र मॅडमही हसल्या. 'अहो भाऊ, मी पायापासून सुरू करते. साठेंचे पाय बसले, म्हणून मी त्यांच्या कोपरापर्यंत पोचली. ऋतुजाचे बसले, म्हणून मान. तुमचे पायच अजून जमिनीवर आले नव्हते. वर हात कशाला लावू? आणि लावला असता तर तुम्ही माझ्यावरच रेलले असते.'

'रेललो असतो?'

'तुम्ही रेलता न. माहीत नाही तुम्हाला? पहिल्या दिवशी फाटकातून आले तेव्हाच दिसलं मला.' मग त्या वसुधाकडे वळल्या. 'ताई, इकडे या. रोज येता तसे दोघं हात धरून उभे राहा.'

राहिलो. मी वसुधाचा हात धरला, नेहमीसारखा, जपून.

'आता ताई, तुम्ही हळूच बाजूला व्हा.'

वसुधा बाजूला झाली.

आणि मी गेलो! अक्षरशः गेलो! डावीकडे, जिथे वसुधा असायची तिथे, सगळाच्या सगळा! चाफा होता म्हणून वाचलो. दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून, पांढऱ्या सदऱ्यावर हिरवट डाग पाडून घेत उभा राहिलो. बाजूला झालेली वसुधा मात्र डगमगलीसुद्धा नव्हती.

'ताईंचा तोल कधी गेलाच नव्हता,' मॅडम म्हणाल्या. 'प्लास्टर निघालं तेव्हापासून त्या दोघांचं वजन घेऊन चालून राहिल्या. कोणाचाही पाय डगमगेल. म्हणून तर तुम्हाला त्यांच्यापासून दूर नेलं.'

'आणि चाफ्याजवळ का?' मी मिठी न सोडता विचारलं.

'पडले तर धरायला काही तरी पाहिजे न.'

मानाची जागा, म्हणे!

खरं सांगतो, मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून जास्त वाटलं ते नवल. या बाईंनी पहिल्या नजरेत सगळं ओळखलं होतं. आणि माझी अब्रू न घालवता, एक शब्द न बोलता, फक्त माझी जागा बदलून माझ्या बायकोला सुधारलं होतं. मी घरी जाऊन ते रोज बिघडवत होतो ती गोष्ट वेगळी. जन्मात मी कोणाचा इतका बारीक हात पाहिला नाही.

त्या रविवारी वसुधाने पिशव्या काढल्या. मला स्टॉपपर्यंत यायची परवानगी मिळाली, एका अटीवर. हात मागे बांधायचे.

बस आली. वसुधाने पायरीवर पाय ठेवला आणि थांबली.

'ओ मावशी,' कंडक्टर म्हणाला, 'चढताय की मुहूर्त बघताय?'

'पाय ठेवलाय. वजन द्यायचंय,' वसुधा म्हणाली. 'थांबा जरा.'

कंडक्टर बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा थांबला. माझे मागे बांधलेले हात नुसते वळवळत होते. गुडघे सैल ठेवून, कणाकणाने, वसुधा वर चढली. खिडकीशी बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने, बहिणीला फोन लावत होती. 'निघाले गं!' एवढं मला ऐकू आलं, आणि माझे डोळे भरून आले. हसू नका. तुमचेही आले असते. बस गेल्यावर लक्षात आलं, मी स्टॉपचा खांब धरून उभा होतो.

दुपारी ती गवार, दोन पेंढ्या शेपू आणि ओंजळभर शेवंती घेऊन आली. चेहऱ्यावर तेच तेज. साडूंबद्दल काय बोलणं झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हां, ते राहिलंच. मॅडम नागपूरला गेल्या तेव्हा वर्ग कोणाकडे सोपवला? वसुधाकडे!

पहिल्या दिवशी मी माझ्या जागेवर, चाफ्याजवळ. आता कोणाला वळून बघणं नाही, काही नाही. वसुधाने साठ्यांच्या कोपराखाली दोन बोटं ठेवली. ऋतुजाच्या मानेमागे तळहात धरला. मग माझ्यासमोर आली. माझ्या पायांकडे बघितलं. आता 'हं' म्हणून पुढे जाणार, दुसरं काय!

पण ती खाली बसली. उकिडवी, त्या मोडलेल्या घोट्यावर, कशालाही न धरता. आणि तिने माझ्या डाव्या टाचेला हात लावला.

'अहो वहिनी,' मागून साठे ओरडले, 'भर बागेत नवऱ्याच्या पाया काय पडता!'

'पाया नाही पडत. टाच खाली आणतेय,' वसुधा म्हणाली. 'अहो, वजन द्या. इथे. हां.'

हात लावला! मला हात लावला! म्हणजे माझी सुरुवात झाली! मला इतका आनंद झाला, की साठ्यांना दाखवावं म्हणून मी छाती पुढे काढली, गुडघे ताठ केले आणि मान वळवून मागे बघितलं.

चाफा जागेवरच होता म्हणून बरं.